क्वेकरांमधले 'धर्मभ्रष्ट': जॉर्ज कीथचं प्रकरण

उंबरठा (धागाकर्ता)

१६९२ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात विल्यम ब्रॅडफर्ड नावाच्या छापखानेवाल्याला अटक झाली. त्याचं यंत्र, खिळे (छपाईचे टाइप) सगळं जप्त. गुन्हा काय, तर जॉर्ज कीथ या क्वेकराने (क्वेकर हा इंग्लंडात निघालेला एक ख्रिस्ती पंथ) बाकीच्या क्वेकरांविरुद्ध लिहिलेलं पत्रक त्याने छापलं. अटक करवणारे न्यायाधीशही क्वेकरच. ज्या पंथाने इंग्लंडात जवळजवळ चाळीस वर्षं तुरुंगाची हवा खाल्ली, त्याच्या हाती पेनसिल्व्हेनियाचं राज्य येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती.

सध्या या प्रकरणाचं बरंच वाचन चालू आहे, म्हणून धागा काढतोय. (ओट्सच्या डब्यावरच्या हसऱ्या आजोबांचा या पंथाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कुणीतरी विचारणारच.)

थोडी पार्श्वभूमी. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स हा इंग्लंडातल्या लेस्टरशायरमधल्या एका विणकराचा मुलगा. त्याचं म्हणणं असं की प्रेषितांचा काळ संपला आणि तेव्हापासून सगळी चर्चं धर्मभ्रष्ट झाली. रोमची झालीच, पण स्वतःला सुधारलेले म्हणवणाऱ्या प्रॉटेस्टंटांचीही झाली. सोळाशे वर्षांच्या अंधारानंतर खरा धर्म आता आमच्यात परत उगवलाय. प्रत्येक माणसात ख्रिस्ताचा प्रकाश आहे, त्याचं ऐकायचं. पगारी पाद्री नको, बाप्तिस्मा नको, प्रभुभोजन नको, पाठ करून म्हणायचा श्रद्धेचा जाहीरनामा नको. बायबल हवं, पण तेही या प्रकाशाच्या खालच्या पायरीवर.

आता यातली मेख बघा. ज्यांनी अख्ख्या ख्रिस्ती जगाला धर्मभ्रष्ट ठरवून सुरुवात केली, त्यांच्यात घरातल्या घरात मतभेद झाला की शिवी हाताशी तयारच असते. आणि खरा धर्मभ्रष्ट कोण, हे ठरवायला ना पोप, ना धर्मपरिषद, ना लिहून ठेवलेला मतांचा मसुदा. माझ्या आतला प्रकाश एक सांगतो, तुझ्या आतला दुसरं. निकाल द्यायचा कुणी?

पहिला मोठा धक्का १६५६ चा. जेम्स नेलर हा यॉर्कशायरचा, पार्लमेंटच्या सैन्यात राहिलेला, आणि त्या वेळी लोकांच्या नजरेत फॉक्सच्या बरोबरीचा. ऑक्टोबरात तो भर पावसाचिखलात घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरला, आणि सोबतची माणसं 'पवित्र, पवित्र, पवित्र' असं गात चालली होती. येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची ही सरळसरळ नक्कल. पार्लमेंटने अनेक दिवस चर्चा केली. फाशीचा ठराव ९६ विरुद्ध ८२ मतांनी पडला, पण ३१० फटके, तापल्या सळईने जीभ भोसकणं आणि कपाळावर डाग देणं यातून तो सुटला नाही. याच्या थोडंच आधी फॉक्स त्याला एक्झिटरच्या तुरुंगात भेटला होता. नेलर चुंबन घ्यायला पुढे झाला, तर फॉक्सने पाय पुढे केला. नेलरचा गुन्हा जेवढा शासनाच्या डोळ्यात खुपला, तेवढीच ही बरोबरी फॉक्सला खुपली असावी, असं माझं मत. पुढे १६६० मध्ये दोघांचा समेट झाला आणि त्याच वर्षी नेलर वारला.

दुसरं प्रकरण मला सगळ्यात मजेशीर वाटतं, ते टोपीचं. क्वेकर लोक न्यायाधीशासमोर टोपी काढत नसत, आणि त्यापायी त्यांनी किती दंड भरले, किती कैद भोगली याला गणती नाही. पण प्रार्थनेत मात्र पुरुष टोपी काढत. जॉन पेरट हा आयर्लंडहून आलेला माणूस पोपला क्वेकर करायला म्हणून रोमला गेला होता. तिथे त्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं. १६६१ मध्ये सुटून परतला तो हा प्रश्न घेऊनच: आतून प्रेरणा झालेली नसताना केवळ रीत म्हणून प्रार्थनेत टोपी काढायची, तर तोही कर्मकांडच नाही का? तर्क बिनतोड होता. फॉक्सला तो अजिबात रुचला नाही. पेरट वेस्ट इंडीजला गेला आणि १६६५ मध्ये तिकडेच मेला, पण त्याच्या बाजूची माणसं इंग्लंडात उरली होती. मग १६६६ मध्ये, फॉक्स स्कारबरोच्या किल्ल्यात कैदेत असताना, लंडनमधल्या प्रमुख मंडळींनी एक पत्र काढलं. त्याचं सार: एकट्या माणसाच्या प्रेरणेचं आणि सभेचं जुळलं नाही तर सभेचं खरं. माझ्या मते क्वेकर पंथ चळवळ न राहता संस्था झाला तो इथे.

तिसरं प्रकरण वेस्टमोरलंडच्या जॉन विल्किन्सन आणि जॉन स्टोरी यांचं. फॉक्सने घालून दिलेल्या सभांच्या उतरंडीला, विशेषतः बायकांच्या वेगळ्या सभांना, त्यांचा विरोध होता. यांच्या बाजूने ब्रिस्टलच्या विल्यम रॉजर्सने १६८० मध्ये जे जाडजूड पुस्तक काढलं त्याच्या नावातच ख्रिस्ती क्वेकर एकीकडे आणि 'धर्मभ्रष्ट व नवे पायंडे पाडणारे' दुसरीकडे, अशी वाटणी आहे. धर्मभ्रष्ट म्हणजे फॉक्सचा गट! म्हणजे तोपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांना एकच शिवी घालत होत्या.

आणि मग कीथ. जन्म स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा, शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात. क्वेकरांत विद्यापीठात शिकलेली माणसं थोडी, त्यातला हा एक. क्वेकर मतांची शास्त्रशुद्ध मांडणी करणाऱ्या रॉबर्ट बार्कलेचा हा जवळचा मित्र. १६७७ मध्ये फॉक्स, विल्यम पेन (पुढे पेनसिल्व्हेनिया वसवणारा) आणि बार्कलेबरोबर हॉलंड-जर्मनीचा दौरा करून आलेला. पंथासाठी वारंवार तुरुंगात गेलेला. १६८५ च्या सुमारास तो अमेरिकेत आला आणि १६८९ मध्ये फिलाडेल्फियात क्वेकरांच्या शाळेचा मास्तर झाला.

तिथे त्याला दिसलं की साध्या सभासदांना, कधी कधी प्रवचन करणाऱ्यांनाही, येशूबद्दल धड काही सांगता येत नाही. 'प्रकाश आत आहे' एवढं म्हटलं की झालं. जेरुसलेममध्ये सुळावर गेलेला हाडामांसाचा येशू यांच्या बोलण्यात कुठे येतच नाही. त्याने सुचवलं की पंथात घेताना माणसाला त्याची श्रद्धा विचारावी. लगेच विल्यम स्टॉकडेल नावाच्या ज्येष्ठाने आरोप केला की कीथ दोन ख्रिस्त शिकवतो, एक आतला आणि एक स्वर्गातला. थॉमस फिट्झवॉटर म्हणाला, तारणाला आतला प्रकाश पुरेसा आहे हेच कीथ नाकारतो. कीथ मूळचाच तापट. उपगव्हर्नर थॉमस लॉइड हा धर्माच्या सभेतही पुढारी. त्याला कीथ तोंडावर उद्धट माणूस आणि बापुडा गव्हर्नर म्हणाला. प्रॉटेस्टंटांच्या कुठल्याही पंथात नसतील इतकी पाखंडं क्वेकरांत आहेत, असंही त्याच्या नावावर नोंदलेलं आहे.

जून १६९२ मध्ये २८ प्रवचनकारांनी सही करून त्याला पंथाबाहेर काढलं. त्यावर कीथचं उत्तर 'अठ्ठावीस न्यायाधीशांविरुद्ध सत्याच्या आत्म्याकडे अपील'. ब्रॅडफर्डने छापलं ते हेच. त्यातला खरा बॉम्ब शेवटाकडे आहे. आदल्या वर्षी काही चाच्यांनी एक गलबत पळवलं होतं आणि क्वेकर अधिकाऱ्यांनी ते परत आणायला माणसं धाडली होती. कीथने विचारलं, शस्त्र धरायचं नाही हे आपलं तत्त्व ना? मग चोरांवर माणसं घालणं, फाशीच्या शिक्षा देणं क्वेकराला कसं चालतं? प्रवचनकार आणि न्यायाधीश एकाच अंगरख्यात कसे?

डिसेंबरात खटला उभा राहिला. आरोप धर्माचा नव्हताच, सॅम्युअल जेनिंग्ज या न्यायाधीशाच्या बदनामीचा होता. कीथ आणि त्याच्या बाजूचा थॉमस बड यांना प्रत्येकी ५ पौंड दंड, तिसरा साथीदार पीटर बॉसला ६. दंड वसूल कुणीच केला नाही. पण कीथच्या बाजूला नेमकं हवं ते मिळालं. खटल्याची हकीकत छापली तिला मथळा दिला, न्यू इंग्लंडची छळवृत्ती पेनसिल्व्हेनियात आली. बॉस्टनच्या प्युरिटनांनी १६५९ ते १६६१ मध्ये चार क्वेकरांना फासावर चढवलं होतं, मेरी डायर त्यातलीच. त्या जखमेवर ठरवून ठेवलेलं बोट होतं हे.

प्रश्न विचारा, भांडा. दोन्ही चालेल.

कावेरी_न

वाचतेय. छान लिहिलंय. एक शंका, 'पंथाबाहेर काढलं' म्हणजे नेमकं काय? आपल्याकडच्यासारखं वाळीत टाकणं? पाणी, आग, सोयरिक बंद?

उंबरठा

@कावेरी, नाही, तितकं नाही. कामकाजाच्या सभेत बसता येत नाही, गरज पडली तर पंथाच्या निधीतून मदत मिळत नाही, आणि हा माणूस आमच्या वतीने बोलत नाही असं जाहीर होतं. मौन प्रार्थनेच्या सभेला मात्र येऊन बसायला आडकाठी नसे. व्यवहारही चालू राहायचे. यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. बाहेरचे लोक कुठल्याही विचित्र माणसाकडे बोट दाखवून 'हे बघा क्वेकर' म्हणायचे. नेलरनंतर तर फारच. म्हणून 'हा आमचा नाही' असं लेखी सांगायची सवय पडली. १६७३ पासून लंडनला दर सोमवारी प्रमुखांची बैठक बसायची, तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय पंथाचं पुस्तक छापलं जायचं नाही.

शाईवाला

ब्रॅडफर्डबद्दल थोडी भर, कारण छपाईच्या इतिहासात हा माणूस फार महत्त्वाचा आहे.

कीथचं प्रकरण व्हायच्या आधी, १६९० मध्ये, विल्यम रिटनहाउसबरोबर मिळून जर्मनटाउनजवळ कागदाची गिरणी काढणाऱ्यांत तो होता. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींतली ती पहिली. म्हणजे यंत्र, खिळे, कागद सगळंच जवळ. पण मोठं गिऱ्हाईक एकच, क्वेकरांची सभा. कीथचा मजकूर छापून त्याने त्या गिऱ्हाइकाशीच वाकडं घेतलं.

खटल्यात त्याने मांडलेला मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरकारी बाजू म्हणाली, ज्यूरीने एवढंच ठरवायचं की हे याने छापलं का. ब्रॅडफर्ड म्हणाला, मजकूर राजद्रोही आहे की नाही तेही ज्यूरीनेच ठरवायचं. ज्यूरीचं एकमत झालं नाही. एक गोष्ट नेहमी सांगतात: पुरावा म्हणून फर्मा (खिळे जुळवून बसवलेली चौकट) कोर्टात आणला होता, खिळे उलटे म्हणून कुणाला वाचता येईना, एका ज्यूरीने काठीने जरा ढकलला तर सगळा फर्मा विस्कटून जमिनीवर. पुरावा खलास! दंतकथा असेल, पण जुळाऱ्याचं काम ज्याने पाहिलंय त्याला ती पटते.

१६९३ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तिथे पुढे त्याच्या हाताखाली योहान पीटर झेंगर नावाचा जर्मन पोऱ्या काम शिकला. १७३५ मध्ये या झेंगरवर गव्हर्नरच्या बदनामीचा खटला झाला, तेव्हा वकिलाने ज्यूरीसमोर जो मुद्दा मांडला तो बराचसा ब्रॅडफर्डचाच होता. झेंगर सुटला.

मृगनक्षत्र

वा, शाईवाला! फर्म्याचा किस्सा भारी.

बाबूरावांचा_चष्मा

लेख माहितीपूर्ण आहे, पण धागाकर्त्यांचं माप कीथच्या बाजूला झुकलंय. त्याला हुतात्मा करू नका.

एक. त्याला हवं होतं ते श्रद्धापत्र. तोंडी परीक्षा घेऊन मगच सभासद करायचं. क्वेकर ज्याच्या विरोधात उभे राहिले तेच हे. लॉइड वगैरे मंडळी उद्धट असतील, पण हा माणूस आपल्या घराचा पायाच उकरतोय असं त्यांना वाटलं, तर त्यात चूक काय?

दोन. पुढचं आयुष्य बघा. लंडनच्या वार्षिक सभेने दोन्ही बाजू ऐकल्या, १६९५ मध्ये त्यालाच बाहेर काढलं. पेननेही त्याला जाहीरपणे धर्मभ्रष्ट म्हटलं. मग साहेबांनी टर्नर्स हॉल भाड्याने घेऊन तिथून क्वेकरांवर तोफा डागल्या. १७०० मध्ये थेट इंग्लंडच्या चर्चमध्ये दाखल, नंतर रीतसर पाद्री. जो आयुष्यभर पगारी पाद्र्यांना शिव्या घालत तुरुंगात गेला तो हा! १७०२ मध्ये नव्या मिशनरी संस्थेने अमेरिकेला पाठवलेला पहिलाच माणूस कीथ. काम काय, तर क्वेकरांच्या सभांत घुसून वाद घालणं.

तीन, आणि हे शाईवाल्यांसाठी. त्याच १७०२ मध्ये सॅम्युअल बाउनस नावाचा क्वेकर प्रवचनकार लाँग आयलंडवर पकडला गेला. आरोप, इंग्लंडच्या चर्चची निंदा. यामागे कीथ होता. आणि शपथेवर जबानी कुणी दिली? विल्यम ब्रॅडफर्डने. दहा वर्षांपूर्वी शब्दांपायी तुरुंगात बसलेला छापखानेवाला! ज्यूरीने आरोप मान्य केला नाही, तरी बाउनसला जवळपास वर्षभर डांबून ठेवलं. बिचारा तिथे चांभारकाम शिकला, कुणाच्या दानावर जगायला नको म्हणून.

शाईवाला

बाउनसबद्दल बरोबर आहे. ब्रॅडफर्ड तोवर न्यूयॉर्कच्या सरकारी कामावर पोट भरत होता. मी त्याला संत म्हटलेलं नाही.

उंबरठा

@बाबूराव, तुमचा तिसरा मुद्दा बिनशर्त मान्य. बाउनसच्या बाबतीत कीथ वागला ते नीचपणाचं होतं.

पहिल्यावर मात्र वाद घालतो. कीथने जे विचारलं ते इंग्लंडातले क्वेकर स्वतःच त्या सुमारास करत होते. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यात सवलत मिळवायची तर आपण त्र्येक (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानतो, बायबल मानतो, असं लिहून द्यावं लागत होतं. लंडनच्या मंडळींनी ते केलं. येशूच्या देहावर, पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे, असं सांगणारी पत्रकं त्यांनी काढली. म्हणून कीथ १६९४ मध्ये लंडनला आला तेव्हा त्यांची पंचाईत झाली. मतांवरून त्याला पाखंडी ठरवावं तर स्वतःचीच पत्रकं आड येतात. त्यामुळे अखेर त्याला बाहेर काढलं ते स्वभावावर: सभेचं ऐकत नाही, फूट पाडतो, भांडण छापून चव्हाट्यावर आणतो. सिद्धांत चुकीचा आहे असं कुणी ठामपणे म्हटलंच नाही.

माझा मुद्दा एवढाच. ज्या पंथात सिद्धांत लिहून ठेवलेला नाही, तिथे धर्मभ्रष्टतेचा आरोप शेवटी वागणुकीवर येऊन ठेपतो. आणि वागणूक चांगली की वाईट हे बहुमतातले ठरवतात. इंग्लंडात त्यांच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या नव्हत्या, म्हणून प्रकरण कागदावर राहिलं. फिलाडेल्फियात होत्या.

बाबूरावांचा_चष्मा

हे पटतं. पण मग कीथच्या मागे गेले त्यांच्यातला बराच भाग धर्मशास्त्रासाठी नव्हे, लॉइडच्या राजकारणाला वैतागून गेला, हेही लिहा. बड काय, रॉबर्ट टर्नर काय, पैसेवाले व्यापारी आणि जमीनदार. पेन इंग्लंडात बसलेला, इथे लॉइडचं टोळकं सगळी पदं धरून बसलेलं. कीथ हे निमित्त मिळालं.

उंबरठा

लिहितो. निमित्त होतं हे खरं, पण 'फक्त निमित्त' म्हणायला मी तयार नाही. कीथच्या बाजूला साधे कारागीरही होते. आणि या भांडणाचा राजकारणाला फटका बसला हेही खरं. त्याच काळात राजाने पेनकडून वसाहतीचा कारभार काढून घेतला. १६९३ च्या वसंतात न्यूयॉर्कचा गव्हर्नर फ्लेचर फिलाडेल्फियात येऊन बसला. ब्रॅडफर्डला त्याचं सामान मिळालं ते याच्याच हुकमाने. पेनला कारभार १६९४ मध्ये परत मिळाला.

मृगनक्षत्र

कीथबद्दल एक गोष्ट कुणीच सांगितली नाही म्हणून मी सांगते. याच्यावर पुनर्जन्म मानण्याचाही आरोप होता!

वॉरिकशायरमध्ये रॅगली हॉलला लेडी ॲन कॉनवे राहायची. तत्त्वज्ञानातली फार मोठी बाई, सतत डोकेदुखीने हैराण, शेवटी क्वेकर झाली. तिच्याकडे फ्रान्सिस मर्क्युरी व्हान हेल्मॉन्ट हा वैद्य राहायचा. त्याला ज्यूंच्या कब्बालाचं, म्हणजे त्यांच्या गूढविद्येचं, वेड. आत्मा अनेक जन्म घेतो, बारा वेळा येतो, असं तो मांडायचा. कीथ तिथे येऊन-जाऊन असे आणि या चर्चांत रमला होता. पुढे भांडण पेटलं तेव्हा विरोधकांनी हे उकरून काढलं.

पण मला वाटतं त्याचा त्याच्या मूळ प्रश्नाशी संबंध आहे. ऐतिहासिक येशू माहीत असल्याशिवाय तारण नाही असं म्हटलं, तर ज्यांनी त्याचं नाव ऐकलंच नाही त्या माणसांचं काय? आतला प्रकाश पुरेसा आहे म्हटलं की हा प्रश्न उरत नाही. तसं म्हणायचं नसेल तर काहीतरी वाट काढावी लागते. पुढच्या जन्मी ऐकायला मिळेल, ही एक वाट झाली.

दुसरं, १६७४ मध्ये याच कीथने इब्न तुफैलच्या 'हय्य इब्न यक्झान'चं लॅटिनवरून इंग्रजी भाषांतर केलं होतं. बाराव्या शतकातला अंदलुसियाचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा, लेखक. निर्जन बेटावर एकटा वाढलेला मुलगा, ना गुरू ना ग्रंथ, स्वतःच्या विचाराने ईश्वरापर्यंत पोहोचतो. आतल्या प्रकाशाचा हा केवढा सुंदर दाखला! बार्कलेनेही तो वापरला. आणि वीस वर्षांनी हाच कीथ म्हणतो की नुसत्या प्रकाशाने भागत नाही.

कावेरी_न

बारा जन्म! आपल्या ८४ लक्ष योनींपुढे फारच काटकसर 😄

सह्यकडा

उशिरा आलोय धाग्यावर. कीथच्या गटाचं गुलामगिरीविरोधी पत्रक कसं काय राहिलं? १६९३ चं. ब्रॅडफर्डनेच न्यूयॉर्कला छापलं. काळ्या माणसांना विकत घेऊ नका, असतील त्यांना ठराविक काळ काम करून घेतल्यावर मोकळं करा, मुलांना वाचायला शिकवा. चोरीचा माल घेणं आपण पाप मानतो, तर चोरून आणलेली माणसं घेणं त्याहून वाईट नाही का, हा त्यातला युक्तिवाद. जर्मनटाउनचा निषेध १६८८ चा, पण तो हस्तलिखित होता आणि वरच्या सभांनी 'फार मोठा विषय आहे' म्हणून बाजूला सारला. वसाहतींत छापून निघालेला पहिला निषेध म्हणजे कीथच्या गटाचा.

आणि हा ज्या सभेतून निघाला ती धर्मभ्रष्टांची. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना बाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये. म्हणजे ८३ वर्षांनी. मधे बेंजामिन ले सारख्याला, गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांवर भर सभेत ओरडतो म्हणून, १७३८ मध्ये बाहेर काढलं होतं.

उंबरठा

@सह्यकडा, ही भर फार महत्त्वाची. मूळ लेखात हे यायला हवं अशीच गोष्ट आहे. लॉइडच्या गटातल्या बऱ्याच बड्या लोकांकडे गुलाम होते. मुद्दा कीथकडून आलाय म्हणजे ऐकायचाच नाही, असं झालं असणार असा माझा अंदाज.

वर्धेकर

आमच्याकडे सेवाग्रामला मार्जरी साइक्स होत्या. इंग्लंडच्या, क्वेकर. आधी मद्रासला शाळेत, मग शांतिनिकेतनात, नंतर सेवाग्रामला नई तालीमचं शिक्षकांचं प्रशिक्षण वर्षानुवर्षं सांभाळलं. होशंगाबाद-रसूलियाकडेही यांच्या पंथाचं जुनं काम आहे. त्यामुळे क्वेकर म्हटलं की माझ्यासमोर हे असं शांत चित्र. कुऱ्हाडी-बिऱ्हाडी नवीन आहे. की पुढे ही भांडणं मिटली?

उंबरठा

@वर्धेकर, मिटली कसली. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाची वार्षिक सभा उभी फुटली. लाँग आयलंडच्या इलायस हिक्सचे लोक म्हणायचे आतला प्रकाश मुख्य, समोरचे म्हणायचे बायबल आणि सुळावरचा येशू मुख्य. कीथचाच प्रश्न, फक्त या वेळी 'कीथची' बाजू बड्या ज्येष्ठांकडे होती. दोन्ही गट पुन्हा एक व्हायला १९५५ उजाडलं.

आणि तुम्ही कुऱ्हाडीचं गमतीत लिहिलंत, पण तीही चालली होती! कीथच्या लोकांनी फिलाडेल्फियाच्या सभागृहात प्रवचनकारांच्या मंचासमोर, दुसऱ्या टोकाला, स्वतःचा मंच बांधला. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून प्रवचनं. दुसऱ्या बाजूने तो तोडला, मग यांनी त्यांचा तोडला. शस्त्र न धरणारी माणसं, लाकडावर धरली तर चालतं बहुधा.

जर्सीकर

मी न्यू जर्सीत राहतो आणि कीथ मला धर्मामुळे नव्हे, रस्त्यामुळे माहीत होता! प्रिन्स्टनजवळ प्रॉव्हिन्स लाइन रोड आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ठाऊक असेल. पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी या दोन वेगळ्या वसाहती होत्या, त्यांच्यातली हद्द १६८७ मध्ये मोजली ती याच जॉर्ज कीथने. तो पूर्व जर्सीचा मुख्य सर्व्हेअर होता. लिटल एग हार्बरपासून निघून रॅरिटन नदीच्या दक्षिण फाट्यापर्यंत रेषा आली आणि थांबली, कारण पश्चिमवाले ओरडले की ही फार आमच्या बाजूला सरकतेय. काही ठिकाणी जिल्ह्यांच्या हद्दी अजूनही त्या रेषेवर आहेत.

बाबूरावांचा_चष्मा

म्हणजे सर्व्हेतही फूटच पाडली 😛

एक शेवटचं विचारतो. मरताना त्याला पश्चात्ताप झाला, क्वेकर असतानाच देवाने नेलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणाला, असं कुठेतरी वाचलंय. खरं का?

उंबरठा

ती गोष्ट क्वेकरांनी सांगितलेली आहे, त्यामुळे चिमूटभर मीठ घालून घ्या. पंथ सोडलेल्यांच्या मरणाच्या अशा गोष्टी त्या काळी सगळेच सांगायचे. फ्रान्सिस बग म्हणून सफोकचा आणखी एक फुटलेला क्वेकर होता, त्याच्याशीही असंच पत्रकयुद्ध वर्षानुवर्षं चाललं. कीथबद्दल नक्की एवढं: १७०४ मध्ये अमेरिकेहून परतला, १७०६ मध्ये त्या प्रवासाची रोजनिशी छापली. ससेक्समधल्या एडबर्टन या खेड्यात पाद्र्याची जागा मिळाली होती, तिथेच १७१६ च्या मार्चमध्ये वारला. त्याच्या मागे गेलेले केव्हाच पांगले होते. काही बाप्टिस्ट झाले, काही फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये गेले, आणि बरेचसे माफी मागून जुन्या सभेत परतले.